चिंचेचा पट्टा पांढरा होता

मी पोटापाण्यासाठी नेमकं काय करत होतो, हे आमच्या मेडशीत आजतागायत कुणाला नीट कळलेलं नाही. आई होती तोवर ती सांगायची, "आमचा मधुकर फोटो काढते." थोरल्या भावाच्या मते मी रस्ते मोजत होतो. तसं पाहिलं तर दोघंही बरोबरच होते. मी रस्ते लेसरने मोजायचो आणि मोजलेल्या रस्त्यावर फोटोतला रंग चढवायचो. एका खाजगी कंपनीत ही नोकरी केली, मग सोडली, आणि आता वाशीमला घरी बसून बायकोच्या कुंड्यांना पाणी घालतो. दिवाळी अंकात लोक आपापल्या धंद्यातल्या मर्दुमकीच्या गोष्टी लिहितात. तशा दोन-चार माझ्याकडेही आहेत, एखादी सांगतोही. पण लिहायला बसलो तो एका चिंचेच्या झाडासाठी, आणि त्या गोष्टीत माझी मर्दुमकी कुठेच नाही.

आधी धंदा समजावून सांगतो, नाहीतर माझा गुन्हा काय ते कळायचं नाही.

लेसर स्कॅनर म्हणजे गरगर फिरणारं एक यंत्र. ते चारी बाजूंना उजेडाच्या बारीक रेषा सोडतं. रेषा भिंतीला, झाडाला, म्हशीला, ज्याला लागेल त्याला लागून परत येते आणि यंत्राला कळतं, ही वस्तू इतकी लांब आहे. असे लाखो ठिपके क्षणात गोळा होतात आणि कॉम्प्युटरवर अख्खा रस्ता उभा राहतो. फक्त त्याला रंग नसतो. आंधळ्या माणसाने हाताने चाचपून घर ओळखावं, तसं ते मोजणं असतं. अंतर बिनचूक, पण दार हिरवं की निळं, ते त्याला माहीत नाही.

म्हणून स्कॅनरच्या डोक्यावर एक कॅमेरा बसवतात. त्याचं भिंग बेडकाच्या डोळ्यासारखं फुगीर, एका फोटोत अर्धं आभाळ मावतं. आता कॉम्प्युटरवरचा प्रत्येक ठिपका त्या फोटोला विचारणार, "माझा रंग कोणता?" आणि फोटोने बरोबर जागेवरचा रंग उचलून द्यायचा. त्यासाठी कॅमेरा स्कॅनरपासून किती बोटं वर आहे, कोणत्या दिशेला किती कललेला आहे आणि त्याचं भिंग सरळ खांबाला किती वाकवून दाखवतं, हे सगळं आधी काढून ठेवावं लागतं. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. कागदोपत्री त्याला मराठीत काहीतरी संस्कृत शब्द असेल. आम्ही साइटवर नुसतं "मेळ घालणं" म्हणायचो. मेळ बसला नाही तर एकाचा रंग दुसऱ्याच्या अंगावर जातो.

मेळ घालायला अर्धा दिवस लागतो. काळ्या-पांढऱ्या चौकटींचे मोठमोठे कागद भिंतींवर, छताला, जमिनीवर, जवळ, लांब, कोपऱ्याकोपऱ्यात चिकटवायचे आणि मग स्कॅनही घ्यायचा आणि फोटोही. कोपरे फार महत्त्वाचे. रुंद भिंगाची सगळी लबाडी फोटोच्या कडेला असते. मध्यभागी ते साधूसारखं वागतं. कामचुकार माणूस कागद मध्येच चिकटवतो आणि मेळ बसला म्हणून घरी जातो. मी तसला नव्हतो. वाशीमच्या एका रिकाम्या गोदामात मी शिडीवर चढून छताच्या कोपऱ्यात कागद लावत होतो, तेव्हा तिथला चौकीदार खाली हात जोडून उभा राहिला.

"साहेब, खरं सांगा," तो म्हणाला. "हे कोन्त्या देवाचं हाय? काही बाधा-गिधा हाय काय गोदामात?"

"काही नाही हो, कॅमेऱ्याचं काम आहे."

"मंग कोपरे काहून बांधून राह्यले?"

दुसऱ्या दिवशी प्रत्येक कागदाखाली एकेक लिंबू ठेवलेलं होतं. मी ते काढलं नाही. त्या दिवशीचा मेळ झकास बसला, हेही सांगितलं पाहिजे.

कारंज्याकडच्या एका जिनिंगवाल्या शेठजींची गंमतही अशीच. गिरणीत नवी यंत्रं बसवायची म्हणून त्यांनी सगळी गिरणी स्कॅन करून घेतली. चित्र पाहिलं आणि ते खुर्चीतून उठलेच.

"माहा कापूस हिरवा काहून दाखोला तुमी? बुरशी लागली म्हन्तीन ना लोकं!"

खरंच, ढिगाऱ्याच्या कडेला हिरवी किनार आली होती. मागच्या दाराचा हिरवा रंग कापसावर उतरला होता. मी शेठजींना अंगठा डोळ्यांसमोर धरायला लावला. एक डोळा झाकला की अंगठा दारावर दिसतो, दुसरा झाकला की खिडकीवर जातो. स्कॅनर हा एक डोळा आणि कॅमेरा दुसरा. लांबच्या वस्तूत फरक कळत नाही, जवळ आलं की कळतो. मी मेळ घातला होता तो लांबच्या भिंतींवर, आणि कापूस होता जवळ. पुन्हा कागद लावले, पुन्हा मेळ घातला आणि कापूस पांढराशुभ्र करून दिला. शेठजी तो फोटो फ्रेम करून ऑफिसात लावणार होते. अशा वेळी वाटायचं, या जिल्ह्यात हे काम आपल्याइतकं कुणाला येत नाही. वाटण्यात फारशी चूकही नव्हती. येत होतं, म्हणून तर पुढचं जास्त लागतं.

शेलूबाजारच्या रस्त्याचं काम निघालं. काम घेतलेल्या कंपनीला रस्त्याकडेची झाडं मोजून हवी होती. त्यांच्या माणसांनी आधी फिरून झाडांच्या बुंध्यांना कमरेच्या उंचीवर पट्टे मारले होते. तोडायच्या झाडाला चुन्यात पिवडी कालवून पिवळा पट्टा, राखायच्या झाडाला नुसत्या चुन्याचा पांढरा. आम्ही जीपवर स्कॅनर आणि कॅमेरा बसवून रस्त्याने हळूहळू जायचं. पुढे कॉम्प्युटर पट्ट्याचा रंग बघून दोन याद्या करणार. माणसाच्या हाताने लिहिलेल्या यादीत चुका होतात, वशिले होतात, म्हणून मशीन. सुनावणीतही पुढे हेच वाक्य वापरलं गेलं.

आदल्या दिवशी आम्ही पोहरादेवीच्या रस्त्याला होतो. यात्रेचे दिवस जवळ आले होते, गाड्याच गाड्या, जीपला रेटे बसत होते. कुणाचा झेंडा नाहीतर टपावरचं सामान लागून कॅमेरा फुटेल, या भीतीने मी तो काढून मांडीवर घेतला. सकाळी शेलूबाजारला रस्त्याकडेला जीप उभी करून परत बसवला. रफिकभाई जीप चालवायचे. माझ्याहून वयाने मोठे आणि हाताने माझ्याहून साफ. चार स्क्रू मी आवळले आणि खाली उतरलो, तर त्यांच्या तळहातावर एक वायसर.

"साहेब, हे एक राह्यलं ना."

"कुठलं आहे?"

"तुमच्या कॅमेऱ्याच्याच पट्टीचं दिसते. चार होते, मी काल मोजले होते."

वायसर म्हणजे पत्र्याची ती चकती, दीड मिलिमीटर जाडीची. एका स्क्रूखाली ती नसली तर पट्टी अंशभर तिरकी बसते. बारा मीटरवर त्या एका अंशाची एक वीत होते. हे गणित मी नव्या लोकांना फळ्यावर शिकवायचो. बरं, वायसर घातलं तरी काम भागणार नव्हतं. कॅमेरा एकदा हलला की मेळ नव्याने घालायचा, हा नियमही मीच लिहून काढलेला. म्हणजे वाशीमला परत जा, गोदाम उघडा, शिडी लावा. आणि रस्त्यावर वाहनं थोपवायची परवानगी होती तेवढ्या सकाळची.

"राहू द्या," मी म्हणालो. "त्याच भोकात तेच स्क्रू आहेत. काय फरक पडतो?"

रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. वायसर त्यांनी खिशात टाकलं आणि जीप सुरू केली. मग आम्ही तीन तास रस्ता मोजला. कामाच्या फॉर्मवर एक चौकोन असतो, 'कॅमेरा हलवल्यावर कॅलिब्रेशन केले'. त्यात मी बरोबरची खूण केली, खाली सही ठोकली. आजवर त्या चौकोनात मी एकदाही खोटी खूण केली नव्हती, म्हणून ती एक करताना हातही अडखळला नाही.

त्याच सकाळी वच्छलामावशींची ओळख झाली. गावाबाहेर त्यांच्या घरची थोडी बागायत होती. वांगी, भेंडी, सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, कडेने पेरूची झाडं. माल घेऊन मावशी रोज फाट्यावर बसायच्या, रस्त्याकडेच्या एका चिंचेखाली. चिंच चांगलीच जुनी होती, आणि तिच्या पुढे रस्त्याच्या बाजूला एक बारकी सुबाभूळ उगवलेली. आमची जीप नेमकी तिथे, थोपवलेल्या वाहनांना वाट द्यायला थांबली. मावशींनी हातातली काकडी मोडून अर्धी मला दिली, अर्धी रफिकभाईंना.

"काय पाहून राह्यला बाबू त्या डबड्यातून?"

"झाडं मोजतोय मावशी. कोणतं तोडायचं, कोणतं राखायचं."

"माही चिच राखाची हाय," त्या म्हणाल्या. "पांढरा पट्टा मारला तिले. हे पाय, लुगड्याले लागला." पाठ फिरवून त्यांनी दाखवलं. बुंध्याला टेकून उठता-बसता त्यांच्या हिरव्या लुगड्यावर चुना उमटला होता. मी हसलो आणि काकडी खाल्ली. पट्टा पांढरा होता. मी डोळ्यांनी पाहिला होता.

पावसाळा गेला. चुना धुऊन गेला, पिवडीही गेली. कोणत्याच झाडावर धड काही उरलं नाही. याद्या लागल्या तेव्हा चिंच तोडायच्या यादीत होती आणि सुबाभूळ राखायच्या. हरकत असणाऱ्यांसाठी एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये सुनावणी ठेवली होती. रस्त्याच्या कंपनीचे साहेब आले होते, गावातली पन्नासेक माणसं होती, आणि पडद्यावर चित्र दाखवायला मी होतो.

मावशी धुतलेलं लुगडं नेसून आल्या होत्या. उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, माह्या चिचेचा पट्टा पांढरा होता. पिवया त म्होरच्या सुबाभयीले होता. म्या रोज तिथीच बसतो, मले मालूम नाई काय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ते झाड पडद्यावर आणलं. चिंचेच्या बुंध्यावर पिवळा पट्टा होता. अख्खा नव्हता, डावीकडे होता, पण ठसठशीत होता. उरलेल्या भागावर सावलीतला मळकट रंग. आणि चिंचेच्या बाजूला विजेचा सिमेंटचा खांब उभा होता, त्याची एक कड वरपासून खालपर्यंत आभाळासारखी निळी.

सिमेंटचा खांब निळा नसतो. आमच्या धंद्यात असा खांब दिसला की पोरसवदा शिकाऊही सांगेल, मेळ सुटलाय, रंग सरकलाय. माझ्या डोळ्यांपुढे रफिकभाईंचा तळहात आला. सुबाभळीचा पिवळा रंग वीतभर सरकून मागच्या चिंचेवर पडला होता, चिंचेचा पांढरा सुबाभळीवर आला होता. मला हे सगळं तिथेच, पडद्यासमोर उभ्या-उभ्या कळलं. नंतर कळलं असतं तर मी आज जरा बरा झोपलो असतो.

साहेब म्हणाले, "काय मधुकरराव? मशीन काय म्हणतंय?"

एवढंच म्हणायचं होतं, 'साहेब, मला हा भाग पुन्हा तपासू द्या.' तीन-चार दिवसांचं काम. कंपनीची माझ्यावर नाराजी आणि त्या खोट्या खुणेबद्दल एक जबाब. याहून जास्त माझं काही जाणार नव्हतं. पण पन्नास माणसं बघत होती, आणि त्यांच्यापुढे मी जिल्ह्यातला पहिल्या नंबरचा माणूस होतो. मी चांगला खणखणीत आवाज लावला आणि म्हणालो, "मावशी, वय झालं आता. माणसाच्या डोळ्यात मोतीबिंदू होतो. मशीनच्या डोळ्यात होत नाही."

हॉल हसला. साहेब हसले. मावशीही कसनुसं हसल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसून पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मान पुढे काढून, डोळे बारीक करून त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पिवयाच दिसून राह्यला बावा. असन मंग." आणि खाली बसल्या.

चिंच तोडली तेव्हा मी तिथे नव्हतो. मी घरी मोजणीच्या दिवसाचा डेटा उघडून बसलो होतो. खांब, तारा, घरांच्या कडा पकडून मी कॅमेऱ्याचा कल नव्याने काढला आणि रंग पुन्हा चढवले. खांब राखाडी झाला. चिंचेवर पांढरा पट्टा आला, काठापासून काठापर्यंत. मी तो साहेबांकडे घेऊन गेलो, आमच्या कंपनीच्या. त्यांनी चित्र पाहिलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "आता झाड परत उभं राहणार आहे का?" मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "मग?" तो 'मग' ऐकून मला हायसं वाटलं. लाज वाटायची ती गोष्ट हीच. त्यांनी मला गप्प बसवलं असं मी पुढे स्वतःला सांगत राहिलो, पण मी तिथे गेलो होतो तोच कुणीतरी गप्प बसवावं म्हणून.

त्यानंतर शेलूबाजारवरून जायची वेळ आली की मी एसटीत पलीकडच्या बाजूला बसायचो. एकदा मात्र गाडी फाट्यावरच बंद पडली. उतरलो तर समोर मावशींचं दुकान. वर ताडपत्री होती, ऊन तिच्या खालून आत येत होतं. काट्यावर त्यांची सून नंदा बसली होती. मावशी मागे पोत्यावर बसून पेरू निवडत होत्या. त्यांनी मला ओळखलं.

"ये बाबू, बस. पेरू खाय."

मी बसलो. त्यांनी टोपलीतला एक पेरू उचलला, दोन्ही बाजूंनी फिरवला आणि माझ्यापुढे धरला. "हा पाय बरं. पिकला का कच्चाच हाय?"

"पिकलाय मावशी."

"मले आता समजत नाई," त्या साधेपणाने म्हणाल्या. "तवापासून डोयाचा भरोसाच नाई राह्यला. शिबिरात गेल्तो. डॉक्टर म्हने, बाई, अजून पिकला नाई मोतीबिंदू, थांब. म्या म्हटलं, नाई, काढूनच टाका. पिवयाले पांढरा म्हनून राह्यलो मी, पन्नास लोकाइत हसं झालं. दोनी डोये करून घेतले. आता नंदाच तोलते. मी कोनाले कच्चं देऊन बसलो त?"

नंदा काट्यावरूनच म्हणाली, "किती सांगतो म्या, दिसते तुमाले. आयकतच नाईत. भाजीचा रंगबी मलेच इचारतेत."

मी तो पेरू सगळा खाल्ला. बियांसकट. गाडी सुरू झाली, कंडक्टरने हाक मारली आणि मी उठून गेलो. झाड गेलं त्याचं मला वाईट वाटत होतं, पण झाडाची मी मनाशी काहीतरी समजूत घालून ठेवली होती. रस्ता रुंद व्हायचाच होता, आज ना उद्या ती चिंच गेलीच असती, वगैरे. या बाईचे धडधाकट डोळे मी काढून घेतले होते, त्याला कोणती समजूत घालणार? जन्मभर नजरेवर भाजी विकलेली बाई सुनेला वांग्याचा रंग विचारत होती. आणि तिचा नजरेवरचा भरवसा गेला तो मोतीबिंदूने नाही, माझ्या एका थट्टेने.

मावशींना खरं सांगायला नोकरी सोडल्यावर जाईन म्हटलं, सोडली. सणावाराला जाईन म्हटलं, सण गेले. माणूस स्वतःला किती मुदती देतो, आणि प्रत्येक मुदत कशी मनापासून देतो! शेवटी एके दिवशी बायकोला सगळं सांगितलं. ती कुंडीतली माती उकरत होती. हात न थांबवता म्हणाली, "मले कायले सांगता? मी काय भाजी इकतो का?"

गेल्या बाजाराच्या दिवशी मी शेलूबाजारला गेलो. मोठा कागदी फोटो काढून नेला होता, नव्याने रंग चढवलेला. मावशींपुढे उकिडवा बसलो आणि बारीक आवाजात सगळं सांगितलं. वायसर, सरकलेला रंग, निळा खांब. त्यांना त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. मी फोटो उलगडून धरला.

"मावशी, पट्टा पांढरा होता. तुम्ही म्हणत होतात तेच खरं. मला त्या दिवशी हॉलमध्येच कळलं होतं."

त्यांनी फोटो हातात घेतला. ताडपत्रीबाहेर उन्हात धरला. चिंचेवरून बोट फिरवत फिरवत खाली आल्या आणि पट्ट्यावर थांबल्या.

"म्हंजे माहे डोये चांगले होते?"

"होय."

"आपरेशनाच्या पैलेबी?"

"होय मावशी."

मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर मी त्या पदरात घेऊन घरी आलो असतो, बरं वाटलं असतं. त्यांनी फोटोची घडी घातली, नंदाला म्हणाल्या, "सरक." आणि काट्यापुढे जाऊन बसल्या. बाजार भरलेला होता. आजूबाजूला पालेभाजीवाल्या, मिरचीवाले, गिऱ्हाईकं. त्यातली कितीतरी त्या हॉलमधली होती. मावशींनी शेजारच्या दोघी-तिघींना हाका मारून बोलावलं, पलीकडच्या कांदेवाल्यालाही हात केला. माणसं जमली. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा मशीनवाला काय सांगून राह्यला ते आयका."

मी उभा राहिलो. "मावशींचा... चिंचेचा पट्टा पांढरा होता," मी म्हणालो.

मागच्या बाईने कानामागे हात नेला.

"मोठ्यानं बोल," वच्छलामावशी म्हणाल्या. "हॉलात त मोठ्यानंच बोल्ला होता."